स्वभाषेतील रॉक संगीताचा उदय : अर्जेंटिनातील 'लॉस गातोस' या वाद्यवृंदाची वाटचाल – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सांस्कृतिक इतिहासात रॉक संगीताचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्रिटन या दोन देशांत घडलेले हे संगीत सुरुवातीपासून इंग्रजी भाषेशी इतके एकरूप झालेले होते की, अन्य भाषेत ते गाणे म्हणजे केवळ अनुकरण, अशी समजूत अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होती. ही समजूत ज्या भाषेने सर्वात व्यापक प्रमाणावर मोडीत काढली ती भाषा म्हणजे स्पॅनिश. आज स्पॅनिश रॉकला स्वतःची परंपरा, स्वतःचे अभिजात ग्रंथ म्हणावेत असे ध्वनिमुद्रिकासंग्रह आणि स्वतःचे इतिहासकार लाभलेले आहेत. या परंपरेच्या उगमाशी ज्या मोजक्या वाद्यवृंदांची नावे घेतली जातात, त्यांत अर्जेंटिनातील 'लॉस गातोस' (मांजरे) हे नाव अग्रभागी आहे.

या वाद्यवृंदाचे प्रत्यक्ष आयुष्य अवघे तीन-चार वर्षांचे. १९६७ मध्ये तो स्थापन झाला आणि १९७० मध्ये विसर्जित झाला. या काळात त्याने पाच दीर्घ ध्वनिमुद्रिका काढल्या. तथापि त्याच्या 'ला बाल्सा' (तराफा) या एका गीताने अर्जेंटिनातील संगीतव्यवसायाची दिशा बदलली. प्रस्तुत निबंधात या वाद्यवृंदाच्या वाटचालीचा आढावा घेतलेला असून, त्या अनुषंगाने एका व्यापक प्रश्नाचा विचार केलेला आहे. तो प्रश्न असा : इतिहासात 'आद्य' हे विशेषण नेमके कोणाला आणि कोणत्या निकषावर द्यावे? कालक्रमाने जो पहिला त्याला, की ज्याच्या कृतीनंतर मागे फिरणे अशक्य झाले त्याला? आणि असे आद्यत्व मिळविताना कोणती किंमत मोजली जाते व ती कोण मोजतो?

पूर्वपीठिका : अनुवादाचे युग

स्पॅनिश भाषेत रॉक गाण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न मेक्सिकोत झाले. 'लॉस टीन टॉप्स' या वाद्यवृंदाने १९६० च्या सुमारास लिटल रिचर्ड, एल्विस प्रेस्ली इत्यादी अमेरिकन गायकांची गाणी स्पॅनिश शब्दांत गायली. एन्रिके गुस्मान या तरुण गायकाच्या आवाजातील 'ला प्लागा' हे गीत मेक्सिकोच्या सीमा ओलांडून अर्जेंटिना व स्पेनपर्यंत पोहोचले. या प्रयत्नाचे महत्त्व नाकारता येत नाही. स्पॅनिश शब्द या तालावर बसतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. परंतु चाल परकी, आशय परका आणि केवळ शब्द आपले, अशी या गाण्यांची घडण होती. भाषांतर हेच त्यांचे सामर्थ्य आणि तीच त्यांची मर्यादा होती.

अर्जेंटिनात याच सुमारास टँगो संगीताची लोकप्रियता ओसरू लागली होती. नृत्यगृहांतील मोठे वाद्यवृंद आर्थिकदृष्ट्या परवडेनासे झाले होते. दुसरीकडे लोकसंगीताला नवे दिवस आले होते. कोस्किन येथील लोकसंगीत महोत्सव १९६१ पासून भरू लागला. शहरी तरुणांसाठी मात्र ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आणि दूरचित्रवाणीने 'नुएवा ओला' (नवी लाट) या नावाने एक गोड, निरुपद्रवी संगीत तयार केले होते. 'एल क्लुब देल क्लान' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि पालितो ओर्तेगासारखे त्यातील गायक हे या लाटेचे प्रतिनिधी होत. शेजारच्या उरुग्वेतील 'लॉस शेकर्स' हा वाद्यवृंद बीटल्सच्या धर्तीवर रचना करीत होता व त्याच्या बहुतेक रचना स्वतंत्र होत्या. परंतु त्या इंग्रजीत होत्या. म्हणजे १९६५ च्या सुमारास दोनच मार्ग उपलब्ध होते. एक तर दुसऱ्याची गाणी स्वतःच्या भाषेत गावीत, किंवा स्वतःची गाणी दुसऱ्याच्या भाषेत गावीत. स्वतःचे गाणे स्वतःच्या भाषेत गाण्याचा तिसरा मार्ग व्यवसायाच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता.

रोसारिओ ते ब्युनोस आयरिस

लॉस गातोसचा प्रमुख गीतकार आणि गायक लिटो नेबिया याचा जन्म १९४८ मध्ये पाराना नदीकाठच्या रोसारिओ या बंदरी शहरात झाला. त्याचे आईवडील दोघेही संगीतक्षेत्रातील होते. त्यामुळे टँगो, जॅझ आणि ब्राझीलमधील बोसा नोव्हा या तिन्ही प्रवाहांचे संस्कार त्याच्यावर लहान वयातच झाले. रोसारिओमध्ये 'द वाइल्ड कॅट्स' नावाचा एक वाद्यवृंद होता. सिरो फोग्लियाता हा त्याचा ऑर्गनवादक. नेबिया या वाद्यवृंदात दाखल झाला आणि पुढे त्याचे नाव 'लॉस गातोस साल्वाहेस' (रानमांजरे) असे झाले. नावाचा हा अनुवाद म्हणजे एका मोठ्या स्थित्यंतराची नांदी होती, असे म्हणता येईल. १९६५ मध्ये निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत नेबियाने स्पॅनिशमध्ये रचलेली स्वतंत्र गीते होती. त्या वेळी त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

ब्युनोस आयरिसमध्ये या वाद्यवृंदाला दूरचित्रवाणी व नृत्यकार्यक्रमांतून काही काळ काम मिळाले. परंतु तो व्यावसायिक आधार सुटताच वाद्यवृंद फुटला. नेबिया व फोग्लियाता हे दोघे मात्र राजधानीत राहिले. स्वस्त खाणावळी व वसतिगृहे यांच्या आधारे त्यांनी दिवस काढले. याच काळात त्यांचा संबंध 'ला कुएवा' (गुहा) या पुएरेदोन मार्गावरील तळघरवजा ठिकाणाशी आला. पूर्वी तेथे जॅझ वाजविले जात असे. आता तेथे मोरिस, तांगितो, हाविएर मार्तिनेझ, पिपो लेर्नू इत्यादी तरुण संगीतकार व कवी जमत. रात्री ला कुएवा बंद झाले की ही मंडळी पायी चालत ओन्से भागातील 'ला पेर्ला' या उपाहारगृहात येत. ते रात्रभर उघडे असे, आणि एका कॉफीच्या कपावर तेथे पहाटेपर्यंत बसता येई. जवळच्या विद्यालयांतील विद्यार्थी तेथे अभ्यासासाठी बसत आणि त्यांच्या शेजारच्या मेजांवर हे तरुण गाणी रचीत. ते स्वतःला 'नाउफ्रागोस', म्हणजे जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले लोक म्हणवीत. दिशाहीन रात्रभ्रमणाला त्यांनी 'नौकाभंग' हीच संज्ञा दिली होती. 'ला बाल्सा' या गीतातील प्रतिमासृष्टी समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक ठरते.

ओंगानियाची राजवट आणि तरुण पिढी

या घडामोडी ज्या राजकीय वातावरणात घडत होत्या, त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २८ जून १९६६ रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्ष आर्तुरो इलिया यांना पदच्युत केले आणि जनरल हुआन कार्लोस ओंगानिया सत्तेवर आला. राजकीय पक्षांवर बंदी आली. महिनाभरातच, २९ जुलै १९६६ रोजी, पोलिसांनी ब्युनोस आयरिस विद्यापीठाच्या काही विद्याशाखांत घुसून प्राध्यापक व विद्यार्थ्यांना लाठ्यांनी झोडपून बाहेर काढले. ही घटना 'लांब लाठ्यांची रात्र' या नावाने अर्जेंटिनाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. विद्यापीठांची स्वायत्तता संपुष्टात आली. हजाराहून अधिक अध्यापकांनी राजीनामे दिले आणि त्यांतील अनेकांनी देश सोडला.

विद्यापीठातील स्वायत्त विचाराविषयी ज्या राजवटीला भय वाटत होते, तिला लांब केसांच्या तरुणांविषयीही तेवढेच भय वाटावे, ही बाब वरकरणी विसंगत वाटली तरी तशी नाही. कॅथलिक नैतिकता आणि राष्ट्रीय शिस्त यांच्या नावाने राज्य करणाऱ्या या राजवटीच्या दृष्टीने प्राध्यापकाचे व्याख्यान आणि तरुणाची वेशभूषा ही एकाच अवज्ञेची दोन रूपे होती. पोलिसी आदेशांच्या जोरावर, न्यायालयासमोर उभे न करताही, कोणालाही 'पूर्ववृत्ताची चौकशी' या सबबीखाली काही काळ कोठडीत ठेवता येत असे. ला कुएवावर वारंवार छापे पडत. तेथे जाणाऱ्या तरुणांना कोठडीतील रात्री नेहमीच्याच झाल्या होत्या. अखेरीस हे ठिकाण बंद पडले. व्हॅलेरिया मान्झानो या इतिहास-अभ्यासिकेने १९५० ते १९७० च्या दशकांतील अर्जेंटिनाच्या तरुण पिढीविषयीच्या आपल्या २०१४ मधील ग्रंथात, 'तरुण' ही संकल्पनाच या काळात कशी सांस्कृतिक व राजकीय संघर्षाचा विषय बनली, हे सविस्तर दाखवून दिले आहे.

सत्तांतराच्याच वर्षी, १९६६ मध्ये, मोरिसच्या 'लॉस बीटनिक्स' या वाद्यवृंदाने 'रेबेल्दे' (बंडखोर) हे स्वतंत्र स्पॅनिश गीत ध्वनिमुद्रित केले होते. कालक्रमाचा निकष लावला तर अर्जेंटिनातील रॉकच्या आद्यत्वाचा मान या गीताकडे, किंवा त्याही आधीच्या लॉस गातोस साल्वाहेसकडे जातो. परंतु 'रेबेल्दे'च्या जेमतेम काहीशे प्रती खपल्या. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष उघड होता : स्पॅनिशमधील स्वतंत्र रॉकला बाजार नाही.

'ला बाल्सा' : निर्मिती आणि स्वीकार

१९६७ मध्ये नेबिया व फोग्लियाता यांनी गिटारवादक काय गालिफी, बासवादक आल्फ्रेदो तोथ आणि तालवादक ओस्कार मोरो यांना सोबत घेऊन लॉस गातोसची स्थापना केली. त्याच वर्षी मे महिन्यात ला पेर्लाच्या स्वच्छतागृहात तांगितो आणि नेबिया यांनी 'ला बाल्सा' रचले, असे परंपरा सांगते. भर उपाहारगृहात गिटार वाजविण्यास मज्जाव असल्याने ते तेथे गेले, आणि तेथील भिंतींमुळे आवाजही चांगला घुमत असे. जून १९६७ मध्ये हे गीत ध्वनिमुद्रित झाले आणि ३ जुलै १९६७ रोजी आरसीए कंपनीने ते प्रकाशित केले. त्याच्या सुमारे अडीच लाख प्रती खपल्या, असा आकडा सामान्यतः दिला जातो. 'रेबेल्दे'च्या काहीशे प्रतींशी या आकड्याची तुलना केली असता झालेल्या बदलाची कल्पना येते.

या यशाची कारणे कोणती? पहिले कारण सांगीतिक आहे. या गीताची चाल बीटल्सच्या धर्तीची असली तरी तिच्या स्वरसंगतीत बोसा नोव्हाचा मृदू प्रभाव जाणवतो. फोग्लियाताच्या ऑर्गनमुळे तिला एक उदास रंग लाभला आहे. दुसरे कारण भाषिक आहे. इंग्रजीतील बहुसंख्य गीतशब्द एकाक्षरी असतात व ते तालाच्या ठोक्यावर सहज बसतात; स्पॅनिश शब्द लांब असून त्यांतील आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडतो. अनुवादित गाण्यांत हा विसंवाद सतत जाणवत असे. नेबियाने शब्दांना चालीत कोंबण्याऐवजी शब्दांच्या स्वाभाविक आघातांतून चाल निर्माण केली. तिसरे कारण आशयाचे आहे. एकटेपणाला कंटाळलेला तरुण लाकडे गोळा करून तराफा बांधण्याचे आणि निघून जाण्याचे स्वप्न पाहतो, एवढाच या गीताचा विषय. त्यात राजवटीचा उल्लेख नाही, निषेध नाही, घोषणा नाही. तथापि जेथे राहणे असह्य झाले आहे तेथून निघून जाण्याची इच्छा हीच एक टीका असते. १९६७ च्या अर्जेंटिनात ही टीका श्रोत्यांना कळली, आणि राज्यकर्त्यांना तिच्यावर नेमके बोट ठेवता आले नाही.

२१ सप्टेंबर १९६७ रोजी, दक्षिण गोलार्धातील वसंतागमनाच्या दिवशी, ब्युनोस आयरिसमधील सान मार्तिन चौकात लांब केसांचे तरुण मोठ्या संख्येने एकत्र जमले. पिपो लेर्नू या मेळाव्याच्या संयोजकांपैकी एक होता. तोपर्यंत एका तळघरापुरता मर्यादित असलेला समूह प्रथमच दिवसाच्या उजेडात, सार्वजनिक जागेत दिसला. 'ला बाल्सा'च्या यशाचा हा सामाजिक परिणाम होता.

आद्यत्वाची किंमत

लॉस गातोसच्या यशाचा इतिहास केवळ विजयगाथा म्हणून लिहिणे योग्य ठरणार नाही. 'ला बाल्सा'च्या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवर 'आयेर नोमास' (अगदी कालपरवा) हे गीत होते. ते मुळात मोरिस आणि पिपो लेर्नू यांचे. मूळ शब्दांत देशातील आणि शहरातील परिस्थितीविषयीची स्पष्ट नाराजी होती. ध्वनिमुद्रणासाठी हे शब्द बदलण्यात आले व सामाजिक निराशेचे गीत प्रेमभंगाचे गीत बनले. मोरिसने १९७० मध्ये आपल्या 'त्रेइन्ता मिनुतोस दे विदा' (आयुष्याची तीस मिनिटे) या संग्रहात ते मूळ रूपात गायले. ज्या मुद्रिकेने स्पॅनिश रॉकला बाजारपेठ मिळवून दिली, त्याच मुद्रिकेच्या मागील बाजूवर त्या बाजारपेठेने घातलेली अटही कोरलेली आहे. एका बाजूवर स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूवर तडजोड, असे हे दुहेरी दस्तऐवज आहे.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाच्या श्रेयाचा आहे. ध्वनिमुद्रिकेवर नेबियाबरोबर तांगितोचे श्रेय 'रामसेस' या टोपणनावाने नोंदले गेले. गीताची सुरुवातीची कल्पना तांगितोची आणि पुढील बांधणी नेबियाची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु कोणाचा वाटा किती, याविषयी पुढे दीर्घकाळ वाद होत राहिला. तांगितोच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या एका मुद्रणात, हे गीत ला पेर्लाच्या स्वच्छतागृहात त्यानेच रचल्याचे हाविएर मार्तिनेझ त्याला सुचवीत असल्याचे ऐकू येते, आणि या आख्यायिकेचा मोठा आधार तोच आहे. नेबियाला या गीताने प्रतिष्ठा व व्यावसायिक जीवन दिले. तांगितोच्या वाट्याला तसे काही आले नाही. व्यसनाधीनता, पोलिसांच्या अटका आणि मनोरुग्णालय अशा क्रमाने त्याचे आयुष्य ढासळत गेले. १९ मे १९७२ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, रेल्वेगाडीखाली त्याचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये मार्सेलो पिन्येइरो याने 'तांगो फेरोस' या चित्रपटाद्वारे त्याच्या आयुष्याला दंतकथेचे रूप दिले. समूहाने रात्री जागवून निर्माण केलेली संस्कृती जेव्हा विक्रीयोग्य वस्तू बनते, तेव्हा तिचा लाभ समूहातील सर्वांना सारख्या प्रमाणात मिळत नाही, हे या दोन आयुष्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

तिसरी बाब भाषेचीच आहे. ब्युनोस आयरिसच्या बोलीत मध्यमपुरुषी एकवचनासाठी 'तू' याऐवजी 'वोस' हे सर्वनाम वापरले जाते व त्याची क्रियारूपेही वेगळी असतात. परंतु लॉस गातोसच्या १९६८ मधील 'व्हिएन्तो, दीले आ ला युव्हिया' (वाऱ्या, पावसाला सांग) या गीताच्या शीर्षकातच बोलीतील 'देसीले' याऐवजी प्रमाण स्पॅनिशमधील 'दीले' हे रूप आलेले आहे. म्हणजे परभाषेकडून स्वभाषेकडे आलेला हा वाद्यवृंद स्वतःच्या बोलीपर्यंत पूर्णतः पोहोचला नव्हता. गीताची भाषा ही पुस्तकी असावी, हा संस्कार अद्याप कायम होता. शहराची बोली व उपनगरांतील कारखान्यांचा परिसर गीतात आणण्याचे कार्य हाविएर मार्तिनेझच्या 'मानाल' या वाद्यवृंदाने केले. स्वभाषेचा स्वीकार ही एका क्षणात घडणारी घटना नसून ती टप्प्याटप्प्याने घडणारी प्रक्रिया आहे, असे यावरून दिसून येते.

उत्तरार्ध आणि विसर्जन

१९६७ ते १९६८ या काळात लॉस गातोसच्या तीन दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतील तिसरी 'सेरेमोस आमिगोस' (आपण मित्र होऊ) ही होय. यानंतर वाद्यवृंदाच्या कार्यात खंड पडला. नेबियाने या सुमारास एकल गायन केले आणि 'एल एक्स्त्रान्यो देल पेलो लार्गो' (लांब केसांचा अनोळखी) या चित्रपटात भूमिकाही केली. गालिफी ब्राझीलला निघून गेला. १९६९ मध्ये वाद्यवृंद पुन्हा एकत्र आला, तेव्हा गिटारवादक म्हणून नोर्बेर्तो नापोलितानो ऊर्फ पाप्पो हा त्यात होता. त्याच्या आगमनाने वाद्यवृंदाचा ध्वनी अधिक धारदार व ब्लूजप्रधान झाला. 'बीट नंबर १' (१९६९) आणि 'रॉक दे ला मुहेर पेर्दिदा' (१९७०) या दोन संग्रहांत हा बदल स्पष्ट ऐकू येतो. १९७० मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला.

दरम्यान भोवतालची परिस्थिती झपाट्याने बदलली होती. मे १९६९ मध्ये कोर्दोबा शहरात कामगार व विद्यार्थ्यांचा मोठा उठाव ('कोर्दोबासो') झाला आणि ओंगानियाची राजवट खिळखिळी झाली. संगीताच्या क्षेत्रात होर्हे आल्वारेझ या ग्रंथप्रकाशकाच्या पुढाकाराने १९६८ मध्ये 'मान्दिओका' ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका संस्था सुरू झाली. लुइस आल्बेर्तो स्पिनेत्ताच्या 'आल्मेन्द्रा'ने काव्यात्म रॉकची वाट पाडली. १९७० मध्ये 'पेलो' (केस) हे नियतकालिक निघाले व त्याच वर्षी 'बी. ए. रॉक' महोत्सव भरला. ज्या तिसऱ्या मार्गाचे अस्तित्वच व्यवसायाला मान्य नव्हते, त्यावर तीन वर्षांत प्रकाशनसंस्था, नियतकालिक आणि महोत्सव उभे राहिले होते. लॉस गातोसची ऐतिहासिक भूमिका या अर्थाने पूर्ण झाली होती.

सदस्यांच्या पुढील वाटचालीतही या परंपरेचे धागे आढळतात. पाप्पोने 'पाप्पोज ब्लूज' हा वाद्यवृंद स्थापन केला. ओस्कार मोरो पुढे चार्ली गार्सियाबरोबर 'ला माकिना दे आसेर पाहारोस' आणि 'सेरू हिरान' या दोन महत्त्वाच्या वाद्यवृंदांत तालवादक होता. नेबियाने टँगो, लोकसंगीत आणि जॅझ यांच्याशी रॉकची सांगड घालणारे विपुल लेखन-गायन केले. २४ मार्च १९७६ च्या लष्करी उठावानंतरच्या दडपशाहीत त्याला १९७८ मध्ये मेक्सिकोचा आश्रय घ्यावा लागला. तेथून परतल्यावर त्याने 'मेलोपेआ' ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका संस्था उभारली. २००६ मध्ये मोरोचे निधन झाले. २००७ मध्ये 'ला बाल्सा'च्या चाळिसाव्या वर्षानिमित्त उर्वरित सदस्य पुन्हा एकदा रंगमंचावर एकत्र आले.

व्यापक परिणाम

लॉस गातोसच्या कार्याचे मोल अन्य देशांतील घडामोडींशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. मेक्सिकोत स्पॅनिश रॉकची सुरुवात आधी झाली. परंतु तेथील वाद्यवृंद साठीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा इंग्रजीकडे वळले. सप्टेंबर १९७१ मधील आवान्दारो महोत्सवानंतर शासनाने रॉकवर अघोषित बहिष्कार घातला आणि ही परंपरा दीर्घकाळ शहरांच्या सीमांवर ढकलली गेली. म्हणजे मेक्सिकोत अनुवादापासून स्वतंत्र निर्मितीकडे जाणारा प्रवास मध्येच खंडित झाला. अर्जेंटिनात तो अखंड राहिला आणि पुढील हुकूमशाहीच्या काळात या संगीताभोवती जमणारा तरुणवर्ग ही एक महत्त्वाची सामाजिक शक्ती ठरली. पाब्लो व्हिला याने आपल्या १९८७ मधील निबंधात आणि सेर्हिओ पुहोल याने 'रोक इ दिक्तादुरा' (२००५) या ग्रंथात या बाबीची चिकित्सा केली आहे.

१९८२ मध्ये माल्व्हिनास (फॉकलंड) बेटांवरून ब्रिटनशी युद्ध सुरू झाले, तेव्हा आकाशवाणीवरून इंग्रजी गाणी हद्दपार झाली. ती पोकळी भरून काढण्यास देशी रॉक सज्ज होता. ज्या संगीताकडे लष्करी राजवटी संशयाने पाहत आल्या, त्यालाच लष्करी राजवटीच्या निर्णयाने घरोघरी पोहोचविले, हा इतिहासातील एक उपरोध होय. परंतु या निर्णयामुळे अर्जेंटिनातील रॉक जन्मला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पंधरा वर्षांची तयारी नसती तर बंदीने केवळ शांतता निर्माण केली असती.

या परंपरेचा प्रभाव मूळ स्पॅनिश भूमीपर्यंतही पोहोचला. सत्तरीच्या दशकात मोरिस माद्रिदला गेला. 'फिएब्रे दे व्हिव्हिर' (१९७८) या त्याच्या संग्रहाने तेथील तरुण संगीतकारांना मार्ग दाखविला. अर्जेंटिनातून निर्वासित झालेल्या आलेहो स्टिवेल व आरिएल रोट यांनी माद्रिदमध्ये 'तेकिला' हा वाद्यवृंद स्थापन केला. ऐंशीच्या दशकात 'सोडा स्टिरिओ' या ब्युनोस आयरिसच्या वाद्यवृंदाने चिली, पेरूपासून मेक्सिकोपर्यंत दौरे करून या संगीताला खंडव्यापी श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आरसीएची उत्तराधिकारी असलेल्या कंपनीने मेक्सिकोत 'तुझ्या भाषेतील रॉक' या अर्थाच्या घोषणेखाली मोठी विक्रीमोहीम राबविली. १९६७ पूर्वी जी गोष्ट विकली जाणार नाही असे मानले जात होते, तीच गोष्ट वीस वर्षांनी विक्रीचे घोषवाक्य बनली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला निष्कर्ष असा की, लॉस गातोसचे आद्यत्व कालक्रमाचे नाही. त्यांच्या आधी लॉस टीन टॉप्सने स्पॅनिशमध्ये रॉक गायले होते. लॉस गातोस साल्वाहेस आणि लॉस बीटनिक्स यांनी स्वतंत्र रचनाही केल्या होत्या. लॉस गातोसने जे केले ते वेगळे होते. स्वतःच्या भाषेतील स्वतःचे गाणे हजारो घरांत पोहोचू शकते, हे त्यांनी सिद्ध केले व त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला हा मुद्दा नव्याने सिद्ध करण्याची गरज उरली नाही. 'आद्य' या संज्ञेचा अर्थ असाच घेणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.

दुसरा निष्कर्ष असा की, हे आद्यत्व सामूहिक होते. ला कुएवातील व ला पेर्लातील मंडळींशिवाय 'ला बाल्सा'ची कल्पना करता येत नाही. मिगेल ग्रिनबर्गने १९७७ मध्ये, हुकूमशाहीच्या ऐन काळात, या पिढीच्या मुलाखती 'कोमो व्हिनो ला मानो' या ग्रंथात संकलित केल्या नसत्या, तर या समूहातील अनेकांचा वाटा विस्मृतीत गेला असता. मौखिक साधनांचे महत्त्व येथे अधोरेखित होते. ध्वनिमुद्रिकेवर ज्यांची नावे छापली गेली नाहीत, त्यांचा इतिहास बहुधा अशाच साधनांत शिल्लक राहतो.

तिसरा निष्कर्ष भाषेविषयीचा आहे. एखादी भाषा नव्या कलाप्रकारासाठी 'अपुरी' असल्याचा दावा बहुतेक वेळा भाषेविषयी नसतो. तो बाजाराविषयी, सत्तेविषयी आणि आत्मविश्वासाच्या अभावाविषयी असतो. १९६५ मध्ये स्पॅनिश ही रॉकसाठी अयोग्य भाषा मानली जात होती. दोन वर्षांनी ती योग्य ठरली. या दोन वर्षांत स्पॅनिश भाषेत कोणताही बदल झालेला नव्हता. बदल झाला तो एवढाच की, रोसारिओहून आलेल्या, जवळ पैसे नसलेल्या काही तरुणांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास टिकविण्यासाठी कोठडीतील रात्री, कंपनीच्या अटी व भविष्याची अनिश्चितता सोसली. त्यांतील काहींना त्याचे फळ मिळाले आणि काहींना मिळाले नाही. स्पॅनिश रॉकच्या यशाचे मूल्यमापन करताना या दोहोंची नोंद एकाच पानावर होणे आवश्यक आहे.